नामदार गोखल्यांची कौन्सिलांतील कारकीर्द : भाषणसंग्रहाच्या मांडणीचें परीक्षण

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या इंग्रजी भाषणांचा व लेखांचा तीन खंडांचा संग्रह पुण्याच्या डेक्कन सभेनें इ. स. १९६२ ते १९६७ या अवधींत प्रसिद्ध करविला. पहिला खंड आर्थिक, दुसरा राजकीय व तिसरा शैक्षणिक, अशी त्याची विभागणी असून पटवर्धन, आंबेकर व कर्वे या संपादकांनीं तो परिश्रमपूर्वक सिद्ध केला आहे. गोखल्यांविषयीं पुढें जें लेखन झालें त्यांतील बरेंचसें या संग्रहाच्या आधारावर उभें आहे. तेव्हां त्याची मांडणी कशी आहे, आणि त्या मांडणीमुळें गोखल्यांच्या कारकीर्दीचा अर्थ लावतांना वाचकाची वाट कोठें चुकते, याचा विचार करण्यास हें स्थळ अयोग्य नाहीं, असें आम्हांस वाटतें. शिवशाहीच्या व पेशवाईच्या कागदांवर जो पाठचिकित्सेचा संस्कार आमच्या संशोधकांनीं केला, तो इंग्रजी अमदानींतील छापील कागदांवर करण्याचें आम्ही टाळीत आलों आहों. छापलें गेलें म्हणजे निश्चित झालें, अशी एक भोळी समजूत याच्या मुळाशीं आहे. मोडी फर्द मिळाली तर तिची शाई, तिचा कागद, तिची मिति, सर्व तपासावयाचें. आणि कायदेकौन्सिलाच्या कामकाजाचा अहवाल रद्दीच्या तागडींत पडला तरी हळहळावयाचें नाहीं, असा हा प्रकार आहे.

पुण्यांत गोखल्यांचें नांव एकटें क्वचितच निघतें. ‘टिळक-गोखले’ असा तो सामासिक शब्द होऊन बसला आहे. व्याकरणदृष्ट्या हा द्वंद्व, म्हणजे दोन्ही पदें प्रधान. परंतु पुणेकरांनीं बोलतां बोलतां त्याचा अव्ययीभाव करून टाकला, पूर्वपद प्रधान आणि उत्तरपद त्याच्या आश्रयास. स्टॅन्ली वॉल्पर्ट यांचा १९६२ सालचा ग्रंथ या जोडनांवाचाच आहे. बी. आर. नंदा यांनीं १९७७ सालीं गोखल्यांचें स्वतंत्र व सविस्तर चरित्र लिहिलें, मराठींत न. र. फाटक यांच्या ‘आदर्श भारतसेवक’ या चरित्रास साहित्य अकादमीचें १९७० सालचें पारितोषिक मिळालें. गोविंद तळवलकरांचें ‘नेक नामदार गोखले’ हेंही वाचकांस परिचित आहे. इतकें होऊनही सामान्य सुशिक्षितांचा निकाल ठरलेला असतो : मनुष्य निष्कलंक, वाणी सौम्य, अभ्यास दांडगा, फळ शून्य. यांतील पहिल्या तीन पदांविषयीं आमची तक्रार नाहीं. चौथें तपासावयाचें आहे.

अमेरिकेच्या काँग्रेसचा एखादा माजी सभासद घेतला तर त्याची कारकीर्द मोजण्याची रीत ठरलेली आहे. प्रतिनिधिसभेंत लोकांनीं त्यास दर दोन वर्षांनीं किती वेळां निवडून दिलें, त्याचीं किती बिलें कायदा होऊन बाहेर पडलीं, अमुक प्रसंगीं त्यानें कोणत्या बाजूस मत दिलें, इतकें पाहिलें कीं झालें. हीच मोजपट्टी गोखल्यांस लावली तर हातीं कांहींच येत नाहीं. परंतु मोजपट्टी लावण्यापूर्वीं जमीन कोणती हें पाहणें अवश्य आहे. १८९९ च्या अखेरीस ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत निवडून गेले आणि १९०२ पासून १९१५ सालीं मृत्यु येईपर्यंत कलकत्त्याच्या, व राजधानी हालल्यावर दिल्लीच्या, वरिष्ठ कौन्सिलांत होते. १८९२ च्या कायद्याखालीं तेथें त्यांस पाठविणारे मतदार म्हणजे मुंबई कौन्सिलांतील मूठभर बिनसरकारी सभासद. वर्षांतून एकदां अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती. ठराव मांडतां येत नसे, मत घेतां येत नसे. बोलावें आणि बसावें. १९०९ च्या सुधारणांनीं ठराव मांडण्याचा व मत मागण्याचा अधिकार आला, परंतु वरिष्ठ कौन्सिलांतील सरकारी बहुमत कायम ठेवण्यांत आलें. म्हणजे पहिलीं आठ वर्षें मतच नाहीं, व पुढील काळांत पराभव आधींच ठरलेला. अशा सभेंतील सभासदाचें तात्पर्य त्याच्या जयापजयांवरून काढणें म्हणजे वंध्येच्या पुत्राची कुंडली मांडणें होय.

तात्पर्यनिर्णयाची दुसरी रीत आमच्या शास्त्रांत आहे. मीमांसकांनीं त्यासाठीं उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद व उपपत्ति अशीं सहा लिंगें सांगितलीं आहेत. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यांत लोकमान्यांनीं गीतेचें तात्पर्य काढण्यास हीच कसोटी घेतली. ती गोखल्यांच्या भाषणांस लावली तर त्यांत कोणास औचित्यभंग दिसूं नये. मात्र या कसोटीस एक गोष्ट अपरिहार्य आहे, ती म्हणजे ग्रंथाचा क्रम. आदि कोठें व अंत कोठें हें कळल्यावांचून उपक्रम-उपसंहार पाहतां येत नाहीं, आणि एकच गोष्ट कितीदां आली हें कळल्यावांचून अभ्यास, म्हणजे पुनरुक्ति, ध्यानांत येत नाहीं. संग्रहाच्या विषयवार मांडणीनें नेमका हा क्रमच मोडला आहे.

उपक्रम पाहूं. २६ मार्च १९०२ या दिवशीं गोखल्यांनीं वरिष्ठ कौन्सिलांत अंदाजपत्रकावरील पहिलें भाषण केलें. फडणिशी सांभाळणारे सभासद सर एडवर्ड लॉ यांनीं सात कोटींची शिल्लक दाखविली होती व ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून मिरविली जात होती. गोखल्यांनीं उलट प्रश्न टाकला कीं, दुष्काळांत व प्लेगांत प्रजा खचली असतां तिजोरी तुडुंब कशी? उत्तर अंकगणिताचें होतें, आणि गोखले फर्ग्युसन कॉलेजांत येण्यापूर्वींपासून अंकगणिताचे शिक्षक होते, त्यांचें त्या विषयावरील पुस्तक शाळांतून चालत असे. विलायतेस दरसाल जो खर्च पाठवावा लागे तो पौंडांत. १८९४-९५ च्या सुमारास रुपयाचा भाव तेरा पेन्सांपर्यंत उतरला होता. पौंडाचे पेन्स २४०, तेव्हां एका पौंडास साडेअठरा रुपयांच्या आसपास मोजावे लागत. ही तूट भरण्यास म्हणून कर वाढविलेले होते. मिठावरील जकात १८८८ सालींच मणीं दोन रुपयांवरून अडीच रुपये झाली होती. १८९३ सालीं टांकसाळी बंद करून सरकारनें रुपया महाग केला आणि भाव सोळा पेन्सांवर स्थिरावला, तेव्हां तोच पौंड पंधरा रुपयांस मिळूं लागला. कारण संपलें, कर मात्र राहिला. ही शिल्लक भरभराटीची नव्हे, न उतरविलेल्या ओझ्याची आहे, असा त्यांचा सिद्धांत. आम्ही अनेक वर्षें मुलांस त्रैराशिक शिकविलें आहे. त्रैराशिकाचा याहून थोर उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं.

या भाषणांत त्यांनीं मिठावरील जकात कमी करावी, प्राप्तीवरील कराची सूट वार्षिक एक हजार रुपयांपर्यंत न्यावी व कापडावरील अबकारी कर उठवावा, असें मागितलें. पुढच्याच वर्षीं, १९०३ सालीं, मिठाची जकात अडीचाचे दोन रुपये झाली व प्राप्तीची सूट पांचशेंवरून हजारावर गेली. १९०५ सालीं जकात दीड रुपया, १९०७ सालीं एक रुपया. चरित्रकारांपैकीं भाविक असतात ते या आंकड्यांवर गोखल्यांचें नांव घालून मोकळे होतात. आम्हांस हें मान्य नाहीं. कर्झनसाहेबांस जानेवारी १९०३ च्या दिल्लीदरबारांत करसुटीची घोषणा स्वतःच करावयाची होती व विलायत सरकारनें ती करूं दिली नाहीं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. शिल्लक जेथें डोळ्यांवर येऊं लागली तेथें कर उतरणें बऱ्याच अंशीं ओघानें आलें असतें. कावळा बसण्यास व फांदी तुटण्यास गांठ पडली एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं. उलट तिसरी मागणी पाहा : कापडावरील अबकारी कर लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या हिताशीं गुंतलेला होता, तो गोखल्यांच्या मागें दहा वर्षांनीं, १९२५-२६ सालीं सुटला. जेथें प्रतिपक्षाचा स्वार्थ आड येत नव्हता तेथें मागणी लवकर फळली, जेथें येत होता तेथें फळली नाहीं. ‘फल’ या लिंगावरून एवढेंच निघतें, आणि एवढें निघणें पुरेसें आहे.

अभ्यास हें लिंग अधिक बोलकें आहे. प्राथमिक शिक्षणावरील खर्च वाढवा, तें मोफत करा, ही मागणी गोखले अंदाजपत्रकाच्या भाषणांत पुनःपुनः आणतात. लष्करी खर्चाची चर्चा असो कीं रेल्वेची, शेवटीं गाडी शाळेपाशीं येऊन उभी राहते. परंतु हीं भाषणें अर्थविषयक म्हणून पहिल्या खंडांत आहेत, आणि १८ मार्च १९१० चा शिक्षणाचा ठराव व १६ मार्च १९११ चें बिल तिसऱ्यांत. ज्या वाचकानें तिसराच खंड हातीं घेतला त्यास तो ठराव आकाशांतून पडल्यासारखा वाटतो. ज्यानें पहिलाच वाचला त्यास शाळेचे उल्लेख विषयांतर वाटतात. वस्तुतः एकच वाक्य दहा वर्षें उच्चारलें जात होतें, तें संपादकांच्या कात्रीनें दोन ठिकाणीं पडलें. आमच्या वाचकांनीं अशी कल्पना करावी कीं, एखाद्या दप्तराचें एकच पत्र दोन तुकडे होऊन दोन संग्राहकांच्या घरीं गेलें आहे आणि दोघेही आपापला तुकडा पूर्ण समजून बसले आहेत.

विषयवारीचा याहून मोठा तोटा दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि त्याविषयीं बोलणें गोखल्यांच्या चाहत्यांस रुचणार नाहीं. १९१० सालच्या पहिल्या तीन महिन्यांकडे पाहा. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, जे स्वतः संस्कृताचे व्यासंगी होते, त्यांचा खून झाला होता. ८ फेब्रुवारी १९१० रोजीं वृत्तपत्रांचा गळा आवळणारा प्रेस अॅक्ट कौन्सिलांतून पार पडला. गोखल्यांनीं त्यास विरोध केला नाहीं. २५ फेब्रुवारीस नाताळ वसाहतींत करारानें बांधलेले मजूर पाठविणें बंद करावें असा त्यांचा ठराव आला व तो सरकारनें मान्य केला. १८ मार्चला शिक्षणाचा ठराव आला, व सरकारनें विचार करण्याचें आश्वासन दिल्यावर त्यांनीं तो परत घेतला. सहा आठवड्यांत या तीन गोष्टी घडल्या आहेत. संग्रहांत त्या वेगवेगळ्या कप्प्यांत पडतात, त्यामुळें त्यांचा एकमेकींशीं संबंध होता काय, हा प्रश्नच वाचकाच्या मनांत उठत नाहीं. येथें कांहीं देवघेव झाली असें आम्ही म्हणत नाहीं. पुराव्यावांचून तसें म्हणणें अनुचित होईल. परंतु प्रश्न उठूं न देणारी मांडणी संशोधनाच्या कामाची नाहीं.

आमचें मत विचारल्यास, प्रेस अॅक्टाच्या वेळचें वर्तन हा या कारकीर्दीवरील डाग आहे, व तो डाग त्यांच्याच शब्दांनीं सिद्ध होतो. नोव्हेंबर १९०७ मध्यें राजद्रोही सभांचें बिल आलें तेव्हां गोखल्यांनीं त्यास कसून विरोध केला होता. तेथें जी उपपत्ति त्यांनीं मांडली, ती सभेस लागू पडते आणि छापखान्यास पडत नाहीं असें म्हणावयास आधार नाहीं. दोन खुनांच्या मधल्या वातावरणांत मनुष्य कसा विचार करतो याचा तर्क आज आरामखुर्चींत बसून करणें सोपें आहे, हें आम्ही जाणतों. तथापि कारकीर्दीचा जमाखर्च मांडावयाचा तर नांवेची बाजू कोरी ठेवतां येत नाहीं.

आतां उपसंहार. १९१० च्या ठरावानंतर त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें शिक्षणाचें स्वतंत्र खातें काढलें व त्यावर हारकोर्ट बटलर यांची नेमणूक झाली. निराळें खातें असावें ही गोखल्यांच्याच सूचनांपैकीं एक होती. याच बटलरसाहेबांनीं पुढें सरकारच्या वतीनें गोखल्यांच्या बिलास विरोध केला, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. बिल तरी केवढें होतें? सर्व देशभर सक्ति करा असें त्यांत नव्हतें. ज्या गांवीं शाळेंत जाणाऱ्या मुलांचें प्रमाण ठराविक मर्यादेस पोंचलें आहे तेथील म्युनिसिपालिटीस अगर लोकल बोर्डास, सरकारची पूर्वसंमति घेऊन, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती सक्ति करतां यावी. दरमहा दहा रुपयांच्या आंत प्राप्ति असलेल्या आईबापांकडून फी घेऊं नये. खर्चाचे दोन भाग सरकारनें व एक भाग स्थानिक संस्थेनें सोसावा, एवढाच त्याचा सांगाडा. मुलींचा विचार पुढील काळावर ठेवला होता. बडोद्यास सयाजीरावमहाराजांनीं १८९३ सालीं अमरेलींत सुरू करून १९०६ पर्यंत सर्व राज्यांत जें केलें, त्याच्या मानानें हें बिल भीतभीत टाकलेलें पाऊल होतें. तें १९ मार्च १९१२ रोजीं सिलेक्ट कमिटीकडेसुद्धां न जातां १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें.

येथें क्रमानें वाचणारास एक गोष्ट दिसते, जी विषयवार वाचणारास दिसत नाहीं. त्याच महिन्याच्या ४ तारखेस गोखल्यांनीं मजुरांची करारपद्धतीच सर्वस्वी बंद करावी असा ठराव मांडला होता. तोही पडला, पण २२ विरुद्ध ३३ मतांनीं. पंधरा दिवसांत बावीसांचे तेरा झाले. नाताळांतील व फिजींतील मजुरासाठीं जीं मतें उभीं राहिलीं, त्यांतील बरींच आपल्याच गांवच्या शेतकऱ्याच्या मुलास शाळेंत घालण्याच्या वेळीं उभीं राहिलीं नाहींत. बिल सरकारी बहुमतानें मारलें असें आमच्या शाळांतून सांगितलें जातें, आणि आंकड्यांच्या दृष्टीनें तें खरेंही आहे. परंतु बिनसरकारी सभासदांपैकीं कित्येक त्याच्या विरुद्ध होते, व मजुराची पोरें शिकलीं तर शेतावर राबणार कोण, ही धास्ती एकट्या साहेबाचीच नव्हती. हें मत मांडण्यास कोणतेंही अप्रसिद्ध दप्तर लागत नाहीं. दोन तारखा शेजारीं ठेवाव्या लागतात, इतकेंच.

या बिलाचें ‘फल’ कोठें शोधावें? विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीनें मुंबई इलाख्यांत १९१८ सालीं म्युनिसिपालिट्यांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. त्याच्या वर्षभर आधीं कोल्हापुरास शाहूमहाराजांनीं आपल्या राज्यांत सक्तीचा उपक्रम केला होता. संपूर्ण देशास शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारी घटनादुरुस्ती २००२ सालची, आणि तिच्या अनुरोधानें झालेला कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. शिक्षणाच्या ठरावापासून मोजलें तर शंभर वर्षें व चौदा दिवस. करारमजुरीचें फळ लवकर आलें. १९१६ सालीं मालवीयांनीं तोच विषय पुनः आणला तेव्हां सरकारनें मान डोलविली, आणि १९२० पर्यंत ती पद्धति मिटली.

संग्रहाविषयीं आणखी एक उणेपण दाखविणें प्राप्त आहे. शास्त्रग्रंथांत सिद्धांत्याइतकेंच पूर्वपक्ष्याचेंही म्हणणें नीट मांडलेलें असतें, नाहीं तर उत्तराचें मर्म कळत नाहीं. गोखल्यांचीं उत्तरें म्हणजे समोरच्या सभासदानें काय म्हटलें त्याचा कलमवार परामर्श. पण एका वक्त्याच्या भाषणसंग्रहांत कर्झन, लॉ वा बटलर यांचीं भाषणें समग्र येणें शक्यच नव्हतें. त्यासाठीं मूळ कामकाजाचे अहवालच काढून वाचले पाहिजेत. पुण्यांत ही सोय नाहीं असें कोणी म्हणूं नये. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानें जुन्या दुर्मीळ ग्रंथांच्या संगणकीय प्रती अभ्यासकांस खुल्या करून फार मोठें काम केलें आहे. गोखल्यांचे खासगी कागद दिल्लीस राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत.

ज्या एका गोष्टीकडे आमच्या वाचकांचें, म्हणजे घरोघरचीं रुमालें सोडविणारांचें, लक्ष आम्ही मुद्दाम वेधूं इच्छितों ती अशी. अंदाजपत्रकाच्या या भाषणांमागें दुसरा एक हात होता. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी हायस्कुलांचे हेडमास्तर. सोलापुरास बसून त्यांनीं सरकारी निळ्या पुस्तकांतील आंकड्यांचा जो अभ्यास केला, तसा त्या काळीं क्वचितच कोणी केला असेल. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांत न्यायमूर्ति रानड्यांच्या छायेखालीं त्यांनीं लिहिलें. गोखले १८८७ पासून त्या त्रैमासिकाचे संपादक होते, तेथून हा संबंध दृढ झाला. रानडे १९०१ च्या जानेवारींत वारल्यावर आंकड्यांसाठीं व मुद्द्यांसाठीं गोखले जोशांकडेच वळत, हें त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसतें; वॉल्पर्ट व नंदा या दोघांनींही त्या पत्रांचा उपयोग केला आहे. जोशी १९११ सालीं वारले. त्यांचे लेख दुसऱ्या वर्षीं पुण्यांत आर्यभूषण छापखान्यानें ग्रंथरूपानें छापले. तो ग्रंथ एका हातीं व गोखल्यांचा पहिला खंड दुसऱ्या हातीं घेऊन कलमवार ताळा पाहण्याचें काम व्हावयास पाहिजे. सूत्र कोणाचें व भाष्य कोणाचें, हें त्यावरून ठरेल. त्यानें गोखल्यांस उणेपण येईल अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. कौन्सिलांत उभें राहून, समोर कर्झन बसला असतां, ते आंकडे बोलून दाखविणें हें काम जोशांचें नव्हतें. परंतु सोलापुरच्या एका हेडमास्तराचें नांव सात कोटींच्या त्या हिशेबाशेजारीं लिहिलें जाणें न्याय्य आहे.

जोशांनीं गोखल्यांस पाठविलेले मुद्द्यांचे कागद, आंकड्यांच्या याद्या, त्यांच्या हातच्या टिपा असलेलीं निळीं पुस्तकें सोलापूर, पुणें अथवा सातारा येथील जुन्या शिक्षकांच्या वा वकिलांच्या घरीं असण्याचा संभव आहे. असे कागद इंग्रजींत असल्यामुळें व फार जुने दिसत नसल्यामुळें प्रथम टाकले जातात. ज्यांच्या संग्रहीं तसें कांहीं असेल त्यांनीं कागदांची संख्या, तारखा व हस्ताक्षर कोणाचें याची टीप करून या त्रैमासिकाच्या संपादकांकडे पाठवावी. मूळ कागद हातचे सोडण्याची आवश्यकता नाहीं, छायाप्रत पुरेल. १९०२ ते १९०८ या वर्षांतील जानेवारी ते मार्च या महिन्यांचीं पत्रें विशेष पाहावींत, कारण अंदाजपत्रकाची तयारी त्याच दिवसांत चाले.